सत्कार आधी, निधी नंतर

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या एका गावात बोअरच्या पाण्याचा नमुना घेऊन मी बाटलीला झाकण लावत होते, तेव्हा ईमेल आला. युवा नेतृत्वाच्या आंतरराष्ट्रीय विनिमय कार्यक्रमासाठी माझी निवड झाली होती. सहा आठवडे परदेशात, गावपातळीवर पाण्याचे काम करणाऱ्या गटांसोबत.

दुसऱ्या परिच्छेदात अट होती. आयोजक संस्थेचे अनुदान यंदा घटले होते. राहणे, जेवण आणि प्रशिक्षण त्यांच्याकडे. विमानभाडे, व्हिसा आणि विमा माझ्याकडे. त्यापैकी किमान एक लाख पाच हजार रुपये माझ्या भागातल्या लोकांनी दिलेले असावेत, दहा मार्चच्या संध्याकाळी पाचपर्यंत. कुटुंबाचे पैसे त्यात धरले जाणार नव्हते. नेतृत्व करू पाहणाऱ्याच्या मागे कोणी उभे आहे का, हे त्यांना पाहायचे होते. अट मला तर्कशुद्ध वाटली. अजूनही वाटते.

बाबा आदिलाबादच्या एका महाविद्यालयात शिकवतात. ते मला आमच्या समाजमंडळाच्या अध्यक्षांकडे घेऊन गेले. अध्यक्ष तहसिलीतून निवृत्त झालेले. तहसील त्यांच्या बोलण्यातून मात्र निवृत्त झालेली नाही. त्यांनी मदतीसाठी लिहिलेला माझा अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवला.

"दरखास्त चांगली आहे," ते म्हणाले. "पन पैले सत्कार. सत्कार झाला का लोक वळखतात. वळख नसलेल्याले कोन देते?"

हे खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नव्हता. बाबा तर खूशच झाले होते.

सत्कार रविवारी, सोळा तारखेला झाला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर शुभेच्छुकांचे फोटो माझ्या फोटोपेक्षा जास्त जागा घेऊन होते. फ्लेक्सचा आणि हॉलचा खर्च एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींनी उचलला. आमच्याकडे प्रत्येक गट आपली शाल वेगळी आणतो, दुसऱ्याच्या शालीत कोणी सामील होत नाही. शिक्षकांची एक, महिला मंडळाची एक, टेम्पो करून आलेल्या बेल्याच्या लोकांची एक. एकूण नऊ शाली आणि चौदा नारळ. एका वक्त्याने सांगून टाकले की आपल्या लेकीला सरकार परदेशी पाठवून राह्यलं. टाळ्या वाजल्या.

माझी पाळी आली तेव्हा लॅपटॉपमध्ये शेवटची स्लाइड तयार होती: रक्कम, मुदत, खाते क्रमांक. पण सकाळी आई म्हणाली होती, अंगावर शाल अन् हात पुढं, वाईट दिसते. समोर अंदाजे दोनशे माणसे होती. मी पाण्यावर सात मिनिटे बोलले आणि ती स्लाइड उघडलीच नाही. वक्त्याचे वाक्यही दुरुस्त केले नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे ते एक वाक्य दुरुस्त करण्यात गेले. शेटजींनी चहा पाजला आणि मायेने विचारले, "बेटी, सरकार दे रही है, तो फिर?" मी खुलासा केला. त्यांची नजर थोडी बदलली. मी तेव्हा लपवले होते की आता खोटे बोलते आहे, हे ते ताडत असावेत. शेवटी त्यांनी काही दिले, पण हॉलच्या खर्चाचा उल्लेख करून. अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीत घेण्याचे कबूल केले. बैठक एप्रिलमध्ये होती. मी त्रेचाळीस घरी गेले. तोच खुलासा, त्याच क्रमाने. विसाव्या घरानंतर मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहणे सोडले. बोलून झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायचे आणि उत्तराची वाट पाहायची.

आठ मार्चला पुन्हा बेल्याकडे गेले. ज्या बाईच्या शेतातल्या बोअरचे पाणी मी चारदा तपासले होते, ती अंगणात तूर पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवून सगळे ऐकले, आत जाऊन पाचशेची नोट आणली आणि ती हातातच धरून विचारले:

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं, बाई? आमी सारे तिथंच त होतो."

मी म्हणाले, लाज वाटली.

"लाज आमाले वाटाले पाह्यजे होती न. शाल पांघरवून राह्यलो, अन् पोरगी जाईन कशी, हे कोनं इचारलं?"

मग शेजारच्या दोन घरांतून तिनेच पैसे आणून दिले. तेवढ्यात परतीच्या शेवटच्या बसची वेळ झाली.

दहा तारखेला दुपारी बाबांनी एक मार्ग सुचवला. उरलेली रक्कम त्यांची, नावे त्यांच्या सहकाऱ्यांची. दोघे-तिघे तयारही होते. नमुना एका विहिरीचा घेऊन अहवाल दुसरीचा लिहिण्यासारखे ते होते. मी नाही म्हणाले. बाहेर जायला घातलेले बूट न काढता बाबा खुर्चीत बसून राहिले. त्यांच्यासमोरच मी खरी बेरीज पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. भाषा सौजन्याची होती. जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली होती. आईने शाली धुऊन, घड्या घालून कपाटात ठेवल्या. मी वहीत त्या कामाखाली रेघ ओढली. रेघेच्या वर शेवटची नोंद आहे: १० मार्च, दुपारी चार पन्नास, जमा ७१,६५०.