खिडकीबाहेरची तेलाची बरणी

रेन्झोच्या चिप्सच्या दुकानामागे इडवल आणि रेन्झो भांडत होते, आणि भिंतीच्या अलीकडे मॉर्विथ हातात रिकामी पिशवी घेऊन उभी होती. आपल्याला ऐकायचं नव्हतं असं ती पुढे म्हणायची. पण पाय काही तिथून हलले नाहीत.

"गेल्याच्या आधीच्या शनिवारी सांगितलं होतं तुला, इथेच मागच्या दारात," रेन्झो म्हणत होता. "गिऱ्हाईक जुनी चव मागतंय, हा आठवडा गाईच्या चरबीत तळतोय, तुझ्या डब्यात तीच येईल. तू बरं बरं म्हणालास आणि परत रग्बीवर बोलत बसलास."

"मी ऐकलं नाही."

"तू कुणाचं ऐकतोस? बरं, कान गेले. डोळे कुठे होते? डबा तळाशी मेणासारखा पांढरा होता. इतकी वर्षं तेलाचं डिझेल करतोस, आणि तुला चरबी ओळखू येईना?"

भिंतीअलीकडे मॉर्विथला खोकला आला, तो तिने पिशवी तोंडावर धरून दाबला.

मॉर्विथ ही इडवलची मेव्हणी. तिची बहीण, म्हणजे इडवलची बायको, गेली, आणि हिच्या किडन्यांनी त्याच वर्षी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डोंगरापलीकडच्या इस्पितळात रक्त धुवून घ्यायला जायचं. आधी बस होती. मग एक दिवस थांब्यावर कागद चिकटला, चार ओळींचा, की या मार्गावर पुरेसे प्रवासी नाहीत. पुरेसे नाहीत म्हणजे काय? जी माणसं होती ती काय बोचकी होती? मॉर्विथने तो कागद नखाने खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी नवा लागला. तोही काढला. तिसरा त्यांनी काचेच्या आतून लावला.

इडवलचा राग वेगळ्या जातीचा. तो खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. खाण बंद करणारे आणि बस बंद करणारे त्याच्या लेखी एकाच आईची लेकरं. मॉर्विथला माझ्या व्हॅनमधून मी नेईन, पण त्यांच्या पंपावरचं डिझेल घेणार नाही, म्हणाला, आणि मागच्या शेडमध्ये जुना पाणी तापवायचा बंब बसवला. रेन्झोचं तळणीचं तेल आणायचं, गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, स्पिरिटात कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात घालायचा. मग एक दिवस हात लावायचा नाही. काळं ग्लिसरीन खाली बसतं, वरचं पिवळं पाण्याने धुवायचं, आणि निवळलं की व्हॅनमध्ये. खालच्या काळ्याचा तो साबण करायचा. त्या खोऱ्यात निम्म्या गावाचं आडनाव एक, म्हणून माणसाला धंद्यावरून हाक मारतात. तो झाला इडवल तेल. व्हॅन जायची तिथे तळलेल्या मासळीचा नि चिप्सचा वास सुटायचा. इस्पितळातल्या नर्स मॉर्विथ आली की म्हणायच्या, आता भूक लागली बघा.

मग तो मंगळवार. कडाक्याची थंडी, डोंगरमाथ्यावर व्हॅन दोन आचके देऊन थांबली. टाकीतलं डिझेल थंडीने खोबरेलासारखं थिजलं होतं. वनस्पती तेलाचं असतं तर एवढं थिजलं नसतं. तीन तास मॉर्विथ घोंगडीत बसून होती, पाय सुजलेले, ओठ निळे. शेवटी मेंढ्यांच्या गाडीतून तिला नेलं.

दुकानामागचं भांडण त्याच आठवड्यातलं. तरी गावाला इडवलने सांगितलं की रेन्झोने चरबी घालून दगा दिला. गावाने मानलं. महिनाभर लोक रेन्झोच्या दुकानात शिरताना नाक मुरडत होते, हे चिप्स आहेत की मेणबत्त्या, असं विचारत होते. रेन्झोने कढई पुन्हा तेलावर आणली, आणि तोंडातून ब्र काढला नाही. दर मंगळवारी इडवलचा डबा मागच्या दारात ठेवायचा. इडवल तो उचलायचा आणि त्या जागी साबणाची वडी ठेवायचा. नऊ वर्षं, एका शब्दाशिवाय. त्या साबणाने रेन्झो फरशी घासायचा.

आणि मॉर्विथ नऊ वर्षं त्या खोटेपणाशेजारी सीटवर बसून डोंगर चढत होती. आतून नुसती धुमसायची. पण बोलली आणि हा माणूस बिथरला तर? चालत जायचं? बस असती तर त्याच दिवशी त्याला चारचौघांत सोलला असता. तिची जीभ बस कंपनीने नेली होती, आणि तो राग इडवलवरच्या रागाहून मोठा होता.

एक मात्र खरं. त्या मंगळवारनंतर इडवलने नव्या घाण्यातलं बरणीभर डिझेल खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवल्याशिवाय एक थेंब टाकीत घातला नाही. सकाळी बरणी काचेसारखी दिसली तरच. गढूळ झाली तर ते पिंप उन्हाळ्यापर्यंत बाजूला.

इडवलचा शेवटचा मंगळवार फेब्रुवारीतला. तो शेवटचा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे इडवल गेल्यावर मॉर्विथला रेन्झो नेऊ लागला, इडवलच्या उरलेल्या पिंपांवरच; पण ते नंतरचं. त्या दिवशी परतताना डोंगरमाथ्यावर, जिथे व्हॅन थांबली होती तिथेच, इडवल म्हणाला की त्या इटालियन रेन्झोने त्या वर्षी मारलंच असतं तुला. आणि मॉर्विथचं झाकण उडालं.

"इटालियनाने नाही. तू. त्याने सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस, आणि पांढरा डबा बघूनही तापवलास. मला सगळं ठाऊक आहे. आता उतरव मला इथेच, नाहीतर ने. पण पुन्हा ते नाव माझ्यासमोर असं घेऊ नकोस."

इडवलने गिअर बदलला. पहिल्या वळणावर म्हणाला, "भिंतीमागे तूच खोकलीस ना, बाळा. मी ओळखला होता खोकला."

"मग नऊ वर्षं माझ्यासमोर खोटं का बोललास?"

"तू काही म्हणाली नाहीस."

"मला डोंगर ओलांडायचा होता, गाढवा."

रेन्झोच्या मागच्या दाराशी त्याने व्हॅन थांबवली. डबा उचलून व्हॅनमध्ये ठेवला. साबणाची वडी ठेवायला वाकला आणि तसाच थांबला. मग दार वाजवलं. मॉर्विथची काच वर होती, तिला फक्त रेन्झोचे हात दिसले, आधी वर गेलेले, मग कमरेवर.

इडवल येऊन बसला. कान लाल झाले होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नऊ वर्षांनी कान आले वाटतं."

मॉर्विथ हसली नाही. अजून राग होता, आणि तो ठेवायचा तिला हक्क होता. दारात उतरवताना त्याने हात दिला, तो तिने घेतला, कारण पायरी निसरडी होती.

"गुरुवारी सात वाजता," तो म्हणाला. "मोज्यांवर मोजे घाल."

घरी जाऊन त्याने डबा शेडमध्ये ठेवला, झाकण काढून तळापर्यंत हात बुडवून बघितला. मग रविवारच्या घाण्यातलं बरणीभर डिझेल काढलं, फडक्याने बरणी पुसली आणि खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली.