सासूबाईंसाठी काढलेला बोर्ड

मुकुंदवाडीतल्या करुणा साळवेचं रोजचं कामच सर्किट बोर्डांचं. वाळूजच्या कारखान्यात तयार आलेल्या हिरव्या पाट्यांवर पार्ट बसवायचे, सोल्डरिंगचे डाग द्यायचे आणि पाटी पुढं सरकवायची. पण ती पाटी मुळात काढतं कोण, कशी, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई गोजरबाईंना अलीकडं कमी ऐकू येत होतं. एका दुपारी करुणा ड्यूटीवरून आली, बेल दाबली, कडी वाजवली, हाका मारल्या. खिडकीतून दिसत होतं, सासूबाई पाठमोऱ्या बसून निवांत लसूण सोलतायत. शेवटी तिनं गजांतून चप्पल आत फेकली, तेव्हा त्या वळल्या.

दार उघडत म्हणाल्या, “चप्पल बाहेर काढायची सोडून आत कशाला फेकायलीस?”

रात्री जेवताना करुणा नवऱ्याला, इंद्रजीतला म्हणाली, “बेल दाबली की आईंच्या समोर दिवा लुकलुकला पाहिजे.”

“बाजारात मिळत असंल की.”

“असंल. पण मला करून बघायचंय.”

धाकटा दीर अभय पुण्यात नोकरीला. त्याचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. त्यानं फोनवर सांगत सांगत सर्किट काढायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर तिच्याकडून उतरवून घेतलं. म्हणाला, “वहिनी, आधी नुसता नकाशा काढा. कोणता पार्ट कशाला जोडायचा एवढंच. पाटी नंतर.”

पहिल्या रविवारी तिनं बॅटरी, बटण, टायमरची चिप, दिवा अशी चिन्हं मांडली, त्यांच्यात रेघा ओढल्या आणि तपासणीचं बटण दाबलं. चुकाच चुका निघाल्या. तिनं अभयला फोन लावला. “भाऊजी, ह्या सॉफ्टवेअरमध्येच खोट हाय. मी सगळं जोडलंय.”

“मोठं करून बघा बरं.”

तिनं मोठं करून पाहिलं. प्रत्येक रेघ पार्टाच्या टोकापाशी येऊन जराशी अलीकडंच थांबली होती. करुणा एकटीच हसली. रेघा नीट टेकवल्या तशा चुका गेल्या. मग ती पाटीकडं वळली. पार्ट इकडचे तिकडं सरकवताना तिला रांगोळीसारखी गोडी लागली. भात करपला तरी कळलं नाही.

पाटी बनवणाऱ्यांकडं फाइल पाठवली. पार्सल आलं तेव्हा सगळे खाटेभोवती जमले. पाट्या सुबक होत्या. पैठण गेटजवळच्या दुकानातून आणलेला एक पार्ट तिनं वर ठेवला, पण तो बसेना. पार्टाला लांब पाय होते. पाटीवर मात्र भोकंच नव्हती, तिळाएवढ्या चकत्या होत्या. सॉफ्टवेअरच्या यादीतून पार्टाचा साचा निवडताना बिनपायाच्या बारक्या पार्टाचा निवडला गेला होता.

गोजरबाईंनी पार्ट चिमटीत धरून निरखला. “ह्याला पाय हायेत, पण ठेवायला जागा नाय व्हय?”

इंद्रजीतला हसू आवरेना. करुणालाही. रुसायचं तिच्या मनात होतं, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या खेपेला तिनं साचा बदलला, आधी पाटीचं चित्र खऱ्या मापात कागदावर छापून आणलं, कागद पुठ्ठ्यावर ठेवला आणि एकेका पार्टाचे पाय त्यातून टोचून पाहिले. सगळं बसलं, तेव्हाच फाइल पाठवली.

ती पाटी आली तेव्हा डाग द्यायला तिला वेळ लागला नाही. ते तर हातातलंच काम. बोर्ड गोजरबाईंच्या खाटेसमोर भिंतीवर लावला, बटणाची वायर दारापर्यंत नेली. इंद्रजीतनं बाहेर जाऊन बटण दाबलं. भिंतीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. गोजरबाई उठल्या आणि दार उघडून म्हणाल्या, “ये. परत एकदा जा बरं बाहेर.”

संध्याकाळपर्यंत शेजारच्या साळूबाईंनीही बटण दाबून पाहिलं. त्या आत आल्या, भिंतीवरची पाटी जवळून बघितली आणि विचारलं, “करुणा, आमची पाण्याची टाकी लई वाहते. भरली की असा दिवा लागंल का गं?”

करुणानं जरा विचार केला. “लागंल. पण आधी कागदावर टोचून बघावं लागंल,” ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडून बसली.