नाव सारखं वाटलं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईला माहीत नाही, शाळेतल्या मैत्रिणींना माहीत नाही, आणि ज्याच्याशी मी तशी वागले त्याच्याशी तर यावर एक अक्षर बोललेले नाही. तुला सांगते आहे, कारण — कारण काही नाही. सांगते आहे, एवढंच.

आधी तुला हसू येईल. गोष्ट कॉम्प्युटरवरच्या एका खेळाची आहे. चाळिशीकडे झुकलेली बाई, मेहकरच्या शाळेत मराठी शिकवणारी, संध्याकाळी कुकर लावून धनुष्यबाण घेऊन राक्षस मारायला निघते — हस, खुशाल हस. हा नाद मला लावला माझ्या धाकट्या भावानं, मिलिंदनं. घर सुलतानपूरला, आणि जवळच्या बीबी गावात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मी नोकरीसाठी मेहकरला खोली घेतली तेव्हा त्यानंच जुने सुटे भाग जोडून मला कॉम्प्युटर करून दिला. "आता तू एकटी नाई राह्यत ताई," म्हणाला, "रोज संध्याकायी भेटत जाऊ."

आणि भेटायचोही. त्या खेळात कुठकुठले लोक एकाच वेळी हिंडत असतात. गावाला मोठी वेस होती. आमचा नियम असा, की जो आधी येईल त्यानं वेशीत थांबायचं, एकट्यानं रानात जायचं नाही. मी तिरंदाज, माझ्या कलकलाटावरून त्यानं माझं नाव ठेवलं टिटवी. तो वैदू, माझ्या जखमा भरणारा. मी दिसले की तो लिहायचा, "जय भीम ताई." मीही जय भीम लिहायचे. आमच्या घरात दार उघडल्यावरचा पहिला शब्दच तो. मग राक्षस राहायचे बाजूला आणि आईचे गुडघे, दुकानातलं भांडखोर गिऱ्हाईक, मी केलेली करपलेली भाजी — सगळं तिथेच, वेशीत उभ्या उभ्या.

खेळात शिरताना आधी कूळ निवडावं लागतं. "इथं बरं हाय वं ताई," मिलिंद म्हणाला होता, "जन्म आपल्या हातानं निवडाचा." आणि तरी त्यानं निवडलं ते रानातल्या लोकांचं कूळ, ज्यांना बुरुजातले लोक दारातही उभे करत नाहीत. मीही तेच निवडलं होतं. तेव्हा.

मग त्या खेळाचा दुसरा भाग आला. मिलिंदचा कॉम्प्युटर त्याला पुरेना, माझ्यावर मात्र तो कसाबसा चालला. "तू आंधी जाऊन पाह्य," तो म्हणाला, "मंग मले सांग कसा हाय तं."

कसा होता? अरे, काय सांगू! गवत पायाखाली वाकायचं आणि मागं वळून पाहिलं की हळूहळू उभं राहायचं. नदीत ढग दिसायचे. वेस होतीच, आधीपेक्षा उंच, दगडांच्या फटींतून पिंपळाची रोपं उगवलेली. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच — हे मिल्यानं पाहायला पाहिजे. हे मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

त्याआधीच मला तिथे एक मराठी टोळी भेटली होती. पुण्या-नाशिकची शिकलेली माणसं, माझ्या बाणांचं कौतुक करणारी. कुठली म्हणून विचारलं, तर मी लिहिलं — पुण्याजवळची. आडनाव विचारलं, तेव्हा मी एक आडनाव सांगितलं. ते आमचं नव्हतं. या वेळी कूळही मी बुरुजातलं घेतलं होतं. कुणी जबरदस्ती केली होती का? नाही. मेहकरला खोली शोधताना आडनावावरून दोन दारं माझ्या तोंडावर बंद झाली होती, हे खरं — पण ते मी इथे कारण म्हणून पुढे करणार नाही. त्या टोळीत मला छान वाटत होतं. इतकंच.

आणि मिलिंदला मी फोनवर सांगितलं, "बेकार हाय. पयल्याची सर नाई. तू नोको येऊ."

"काऊन वं? बिघडवला काय त्याईनं?"

"हाव," मी म्हटलं.

तो यायला नको होता मला. कळतंय ना तुला? माझा भाऊ मला नको होता.

पण तो आलाच. कुठून कुठून भाग आणून त्यानं कॉम्प्युटर नीट केला. मला न सांगता. ताईला खेळ आवडला नाही, तर आपण दोघं मिळून त्यात काहीतरी शोधू, असं त्याला वाटलं असेल. की नुसती गंमत करायची असेल? मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

आम्ही टोळीतले सगळे वेशीत उभे होतो. समोरून एक वैदू आला. नवाकोरा, अंगावर धड कपडे नाहीत. माझ्यासमोर थांबला आणि सगळ्यांना दिसेल असं त्यानं लिहिलं, "जय भीम ताई."

एकानं लिहिलं, "इथेपण आले का हे लोक?" त्यावर दुसऱ्यानं मला विचारलं, "टिटवी, तुला ताई म्हणतोय. ओळखतेस का?"

माझी बोटं थांबली असतील थोडी. नक्की आठवत नाही — की आठवायचं नाही? मी लिहिलं, "नाही. कोण आहे कुणास ठाऊक." आणि पुढे हसणारा चेहरा टाकला. कुणी सांगितला नव्हता तो. माझा मी टाकला.

वैदू तसाच उभा. मग त्याची ओळ आली. बोलताना ज्याच्या तोंडातून वऱ्हाडी सुटत नाही, त्या माझ्या भावानं शाळेतल्यासारखं शुद्ध लिहिलं होतं.

"माफ करा मॅडम. नाव सारखं वाटलं."

आणि तो वळून रानात गेला. एकटा. गवत वाकलं, मग उभं राहिलं. टोळीतलं कुणी पुढे काही विचारलं नाही, आणि माझा जीव भांड्यात पडला. हो — मला तेव्हा हायसं वाटलं. त्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

तो खेळ मी नंतर सोडला, पण त्यानं काय होतं? मिलिंद त्यावर कधी बोलला नाही. अजून मेहकरला येतो, आईनं दिलेला डबा देतो, माझा फोन साफ करून देतो. सुट्टीत मी सुलतानपूरला जाते. फाटक वाजलं की तोच दार उघडतो. पूर्वी माझी चप्पल निघायच्या आत "जय भीम ताई" असा पुकारा व्हायचा, गल्लीत ऐकू जाईल असा.

आता तो दार उघडतो, माझ्या मागं रस्त्यावर कुणी आहे का ते बघतो, आणि मी आधी बोलायची वाट पाहतो.