कपाटातली चाळणी

पळसगुंडीच्या चांगुणाबाईनं आयुष्यात चोरी एकदाच केली. तीही दिवसाढवळ्या, अध्यक्ष, सचिव आणि तालुक्याच्या साहेबांच्या डोळ्यांदेखत. पण त्याच्या आधी नऊ दिवस ती न केलेल्या चोरीची चोर होती, आणि ते नऊ दिवस सांगितल्याशिवाय पुढची मजा कळायची नाही.

पळसगुंडी म्हणजे उदगीरहून जळकोटकडं जाताना फाट्यावर उतरून दोन मैल आत. बाईचं वय पंचावन्नाच्या अल्याड-पल्याड. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं गावातल्या निम्म्या राशी उपणल्या. तिवढ्यावर, म्हणजे तीन पायांच्या उंच घोडीवर, चढून पदराचं टोक सोडायचं, वारा कुठला ते बघायचं आणि सूप हलवायचं. रास मालकाच्या घरी जायची आणि खाली उरलेलं मातेरं मजूर बायांच्या वाट्याला यायचं. त्या माती-खड्यांतून चांगुणा असा दाणा काढायची, की मालकाच्या बायका म्हणायच्या, "बाई, तुझं मातेरं आमच्या राशीपेक्षा बरं गं!" नवरा लिंबाजी उदगीरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. तो आता रिटायर होऊन ओट्यावर पेपर वाचतो आणि वाचलेल्या बातमीवर स्वतःच हसतो. मुलगा धम्मानंद नांदेडला सरकारी नोकरीत. म्हणजे बाईला कामाची गरज होती अशातला भाग नाही. पण हाताला दाण्याची सवय, तिला काय करणार?

दोन वर्षांपूर्वी गावच्या शेतकरी गटाला धान्य साफ करायची मशीन आली. लाल रंग, चार पाय, पोटात पंखा आणि मधोमध खणासारखी ओढून काढायची चाळणी. अशा चार चाळण्या: सोयाबीनची, हरभऱ्याची, तुरीची आणि ज्वारीची. जे पीक, ती चाळणी सरकवायची. उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ फोडला, तोही नेमका हरभऱ्याच्या चाळणीच्या चौकटीवर. चौकटीचा एक कोपरा तेव्हापासून पिचलेला. टाळ्या मात्र जोरात वाजल्या.

अध्यक्ष म्हणजे महादेवप्पा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, फाट्यावर चाळीस वर्षांचं किराणा दुकान, मनानं तसा वाईट माणूस नाही. त्यांचा मुलगा अमरेश शेतीची पदवी घेतलेला. पहिल्या दिवशी मशीन त्यानंच लावली, पुस्तक वाचून. चाळणी घातली उलटी. सोयाबीन मातीबरोबर निघालं आणि काडीकचरा मानानं पोत्यात जाऊन बसला. मजूर म्हणून उभ्या असलेल्या चांगुणानं चाळणी ओढली, उन्हाकडं धरली, तळहात फिरवला आणि पालटून सरकवली. पुढं काय, तीच मशीनवरची बाई झाली.

आता महादेवप्पांचा एक सिद्धांत होता. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या हाताकडं बघत बसलेल्या माणसाला असा सिद्धांत असायचाच. "सुटी वस्तू म्हणजे गेलेली वस्तू." आणि गावानं तो दरवर्षी खरा करून दाखवला होता. शाळेच्या नळाची तोटी गेली. चावडीपुढच्या सौर दिव्याची बॅटरी गेली. उघड्या जिमच्या सायकलीचे पायडलही गेले, आता बोला! बॅटरी कुणाच्या माडीवर आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक, पण विचारून वाईटपणा कोण घेणार?

तेव्हा मशीनची चाळणी ओढली की निघते, हे कळताच अप्पांची झोप उडाली. "निघती? मग ती ऱ्हाईल कशी?" गटाची बैठक बसली आणि ठराव झाला की चारी चाळण्या अध्यक्षांच्या घरच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद राहतील आणि लागतील तेव्हा लेखी अर्ज करून न्याव्यात. झालं! सकाळी सोयाबीन आलं की एक अर्ज. दुपारी तूर आली की दुसरा. अप्पा जेवायला बसलेले असले तर शेतकरी पोत्यावर बसून. एकदा ज्वारीची चाळणी कपाटात सापडेना. शोधल्यावर माळवदावर निघाली. अप्पांच्या बायकोनं, शिवम्मानं, तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. सचिव सिद्धेश्वरनं वहीत नोंद केली, "दुरुस्तीसाठी बाहेर."

सिद्धेश्वर हा नोंदीचा माणूस. त्याचं अक्षर असं देखणं, की खोटंसुद्धा वाचावंसं वाटे.

यंदा हरभऱ्याच्या हंगामात चांगुणाबाई चार दिवस नांदेडला गेली. सून दिपालीला मुलगी झाली होती, तिचं नाव ठेवायचं होतं. पोरीचं नाव महामाया ठेवून, पेढे घेऊन ती परतली, तो गावात बैठक बसलेली. कपाटात चाळण्या तीनच! हरभऱ्याची गायब.

"चाळणी कुठाय, चांगुणाबाई?" अप्पांनी विचारलं.

"मला कामून पुसता? मी नांदेडात होते की."

"जाण्याच्या आदल्या दिवशी नेली होतीस."

"आन त्याच सांजच्याला आणून बी दिली. शिवम्माक्कानं हातात घेतली."

शिवम्मा दारात उभी होती. तिला आठवत होतंही आणि नव्हतंही. सिद्धेश्वरनं वही उघडली. चाळणी नेल्याची नोंद होती, आणल्याची नव्हती. त्या सांजेला तो लग्नाला गेला होता, पण वहीला लग्न काय कळतं!

"मशीनमधी बघा एकडाव," चांगुणा म्हणाली. "कुणी चालवली आसंल माझ्या माघारी."

यावर अख्खी कमिटी हसली. सगळ्यात मोठ्यानं अमरेश. "मशीनमधी कशी आसंल चाळणी? ती कपाटात असती. ठराव हाय तसा!"

"मग उघडू द्या मला. मी बघते."

"हां! म्हणजे तूच गुपचूप ठेवशील आन वर सापडली म्हणशील."

सिद्धेश्वरनं लगेच मशीनला सुतळी गुंडाळली, गाठीवर लाख लावली आणि कागद चिकटवला, "चौकशी पूर्ण होईपर्यंत हात लावू नये." आणि गटाची चौकशी म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर अप्पांचा आवाज.

"ऐका हो ऐका! गटाच्या मशीनची हरभऱ्याची चाळणी गहाळ झालेली हाय. ज्यानं कुणी नेली आसंल त्यानं गुमान आणून ठेवावी. आपण कुणाचं नाव घेणार न्हाई. फक्त मशीनवर कामाला असलेल्या बाईंनी नोंद घ्यावी."

असा पुकारा तीनदा झाला. मशीनवर बाई किती? एक. नाव न घेण्याचा शब्द अप्पांनी असा पाळला.

लिंबाजीनं पेपर घडी करून खाली ठेवला. त्या दिवशी तो हसला नाही. "पस्तीस वर्षं डेपोत काढली," तो म्हणाला, "पर आपल्या घरात सरकारचा एक नट न्हाई आला. आन ह्यांच्या टिनपाट चाळणीसाठी..."

काम गेलं तर जाऊ दे, चांगुणाच्या मनात आलं, हात शाबूत आहेत. पण आपलं नाव? चाळीस वर्षं लोकांच्या राशीवर उभी राहिली, तेव्हा ओच्यात मूठभर दाणा कधी बांधला नाही. दुपारी ती दळणाला निघाली. वाटेत तुळजाबाईचं घर. जन्माची मैत्रीण, दर आठवड्याला चांगुणाचं सूप मागून नेणारी. अंगणात तिच्या कुरडया वाळत होत्या. चांगुणा समोरून येताना दिसली तशी तुळजाबाई उठली आणि वाळवणाची चादर चारी कोपरे धरून आत घेऊन गेली. वर आभाळात ढगाचं टिपूस नव्हतं. चांगुणा दळण न टाकताच मागं फिरली आणि चुलीपुढं बसून पोटभर रडली. धम्मानंदाचा फोन आला तर म्हणाली, "धूर गेला बाबा डोळ्यात."

रात्री भाकरी मोडताना लिंबाजी म्हणाला, "काखेत कळसा आन गावाला वळसा. चाळणी मशीनमधीच हाय, मी लिहून देतो."

"ते मला बी म्हाईत हाय. पर भोंग्याला कोण सांगणार?"

असे नऊ दिवस गेले. गावचा हरभरा पोत्यांत पडून, अप्पांचा स्वतःचासुद्धा निम्मा तसाच. आणि दहाव्या दिवशी तालुक्याहून साहेब आले. त्यांना "यशस्वी गट" म्हणून वर माहिती पाठवायची होती. म्हणाले, मशीन चालू असतानाचा फोटो पाहिजे, व्हिडिओ पाहिजे, आणि हो, चालवणारी महिला पाहिजे. महिला असल्याशिवाय वर फाइल हलत नाही.

कमिटीचे चेहरे बघण्यासारखे झाले. मशीनला लाख लागलेली, महिलेला चोरी लागलेली. अप्पांनी सिद्धेश्वरला बाजूला घेतलं आणि साडेतीन मिनिटांत ठराव झाला. सील तात्पुरतं, केवळ फोटोपुरतं काढावं. संशयित महिलेला केवळ फोटोपुरतं बोलवावं. चाळणी नसली तरी हरकत नाही, फोटोत पोटातलं कुठं दिसतं?

चांगुणा आली. यायची नव्हती, पण लिंबाजी म्हणाला, "जा. बटन दाबलं की मशीन बोलंल, तुला बोलायची गरज न्हाई."

तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, चौकट हलायला लागली आणि पोटातून खडखड, खडखड आवाज सुरू झाला. चांगुणाच्या काळजात लख्ख झालं. रिकामी मशीन नुसती घुमते, खडखडत नाही. आणि ही तर पिचलेल्या कोपऱ्याची खडखड, नारळाची! तिनं अप्पांच्या हरभऱ्याचं पोतं वरून सोडलं. एका तोंडातून माती-काडी, दुसऱ्यातून सोन्यासारखा हरभरा. साहेब "वा, वा" म्हणत फोटो काढत राहिले. कमिटी तोंड उघडं टाकून बघत राहिली.

चांगुणानं बटण बंद केलं, खण ओढला आणि हरभऱ्याची चाळणी सगळ्यांसमोर उभी धरली.

अमरेश पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाला, "तू नांदेडला गेलीस तवा मी आमचा दहा पोती हरभरा काढला होता. गड्याला सांगितलं होतं चाळणी कपाटात ठेव म्हणून..." अर्ज न करता नेली होती, म्हणून वहीत नाही. वहीत नाही, म्हणून नेलीच नाही. स्वतः अमरेशलाही वहीवरच विश्वास.

"सापडली!" अप्पा ओरडले आणि त्यांना खरोखर आनंद झाला. सिद्धेश्वरनं तिथंच पोत्यावर वही ठेवून लिहिलं, "अध्यक्षांच्या कुशल मार्गदर्शनाखाली चाळणीचा यशस्वी शोध लागल्याबद्दल अभिनंदन. तसेच चांगुणाबाई निर्दोष." आणि पेन पुढं केलं, "बाई, इथं सही."

चांगुणानं वही हातात घेतली आणि वाचली. शेवटपर्यंत.

"अप्पा, चोर म्हणलात ते भोंग्यावर. निर्दोष म्हणता ते वहीत? वही गावाला ऐकू येती का?"

"आता सापडली न्हवं? मिटलं की! कशाला उगं उकरायचं? चल, साहेबांना व्हिडिओ पाहिजे, माझी बी पोती ऱ्हायलीत. सरकव चाळणी."

चांगुणानं चाळणी सरकवली नाही. ती डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मागून अप्पा, सिद्धेश्वर, अमरेश, आणि काय चाललंय ते न कळलेले साहेब मोबाइल धरून. ग्रामपंचायतीपुढं भोंग्याच्या खांबाखाली ती चाळणी मांडीवर घेऊन बसली.

"आता नेली मी," ती म्हणाली. "आता करा पुकारा. चाळणी चांगुणाबाईकडं हाय म्हणा. आज खरं होईल."

"असं काय करायलीस बाई! दे की चाळणी," अप्पा म्हणाले.

"देते की. अर्ज करा."

"अर्ज?"

"हाव. ठराव हाय न्हवं? तोंडी चालंल मला. पर भोंग्यावर."

साहेबांनी घड्याळ बघितलं. शिवम्मा तोवर येऊन पोचली होती, ती कमरेवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, "जावा. तिनं चाळणी माझ्याच हातात दिली होती, आठवलं तसं सांगितलं तर तुम्हीच गप बस म्हणलात!" मग अप्पा आत गेले. माइक कुरकुरला.

"ऐका हो ऐका. हरभऱ्याची चाळणी मशीनमधीच होती. ती... आमच्या अमरेशनं नेली होती. चांगुणाबाईनं घेतलेली न्हवती. चांगुणाबाई, मेहरबानी करून चाळणी द्यावी."

अप्पा बाहेर आले. चांगुणा बसलेलीच.

"तवा तीनदा केला होता," ती म्हणाली.

अप्पा पुन्हा आत गेले. तिसऱ्या खेपेला त्यांचा आवाज पार बसला होता, पण माइकपासून तोंड त्यांनी हलवलं नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

तेव्हा चांगुणा उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. चाळणी डोक्यावर घेतली आणि मशीनच्या वाटेला लागली. वाटेत तुळजाबाईचं अंगण. कुरडया आज जागच्या जागी होत्या आणि तुळजाबाई दारात उभी, पदराचं टोक चावत.

"चांगुणे, ये की गं. घोटभर च्या घे."

चांगुणा थांबली. डोक्यावरची चाळणी तिनं दोन्ही हातांनी नीट धरली.

"कसं येऊ बाई," ती म्हणाली, "चोरीचा माल हाय डोक्यावर. तुझ्या कुरडया आत घे आधी."