पहिला बार कारागिराचा

सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात मला एकदाच विचारलं, "तुजं काय म्हणणं हाय?" तेही चारचौघांत माझी फजिती करायला. मी उत्तर दिलं ही माझी चूक. आणि ते उत्तर बरोबर निघालं ही त्याहून मोठी चूक.

आमचं दुकान बंदुका दुरुस्तीचं, कोल्हापुरात, पेठेत. पुढं दुकान, मागं घर. भिंतीवर सासऱ्यांच्या नावाचं लायसन काचेत लावलेलं, त्याला रोज उदबत्ती. देवाची चुकली तर चालायची, लायसनची नाही. माझं माहेर हुपरीचं. घरात पैंजणांचं काम, त्यामुळं गुंजभर चांदी कमी-जास्त झालेली मला तळहातावर कळायची. सासऱ्यांनी ते हेरलं आणि काडतुसं भरायचं काम माझ्या गळ्यात मारलं. शाहूवाडीकडचे शेतकरी भाताच्या राखणीला बंदूक ठेवायचे, ते रिकामी काडतुसं घेऊन यायचे. मी स्वयंपाक उरकून, चूल पार विझवून, मागच्या खोलीत दारू तोलून ती भरायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, तुमच्या भरतीला तोड न्हाय." सासरे मिशीला हात लावून म्हणायचे, "हातगुण हाय, पावणं." हात कुणाचा, ते त्यांच्या तोंडातून कधी निघालं नाही.

दुकानाची एक रीत होती. आमच्या हातून गेलेल्या हत्याराचा पहिला बार कारागिरानं काढायचा. गावाबाहेरच्या दगडाच्या खणीत जायचं, गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं, हत्यार हातात धरायचं आणि उडवायचं. मग म्हणायचं, "घ्या, आता तुमचं." सासऱ्यांच्या बापापासून चालत आलेलं. सासऱ्यांच्या मनगटाला बाराचा हिसका सोसेना तसं हे काम आमच्या ह्यांच्यावर आलं. काम सासऱ्यांनी करायचं, मिशी सासऱ्यांनी पिळायची, आणि फुटलं तर हात माझ्या नवऱ्याचा जायचा. असली रीत. मला तिचा मनापासून तिटकारा होता आणि आजही आहे.

शिकारीवर बंदी यायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. एक बडं गिऱ्हाईक आलं. त्याला सगळे सरकार म्हणायचे, मीही तेच म्हणते. गगनबावड्याच्या घाटात जीप उलटून त्याचा डावा हात कोपरापासून गेला होता. रायफल धरता येईना, पण शिकारीचं वेड काही सुटेना. त्यानं परदेशातून एक पिस्तूल मागवलं होतं. वीतभर लांब, जाड नळी, मधून मोडून एक काडतूस घालायचं आणि एकच बार काढायचा. एका हातानं सांबर मारायचं, असा त्याचा हट्ट. कागदपत्रं सगळी सहीशिक्क्याची. फक्त कुठलं काडतूस चालवायचं ते ठरवून तेवढी खोबण नळीत आमच्याकडून कापून घ्यायची होती.

टेबलावर रायफलीची तीन काडतुसं उभी केली होती. थोरलं त्याच्या वडिलांच्या वाघ मारायच्या रायफलीचं, अंगठ्याएवढं जाड. मधलं मधलंच. धाकटं आखूड, दिसायलाही गरीब. सरकार थोरल्यावर बोट ठेवून म्हणाला, "आबांचं काडतूस हे. हेच पाहिजे." सासरे म्हणाले, "व्हय की सरकार, शोभंल तर हेच शोभंल."

सासऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं लोखंडात घालवलेला माणूस. पण सरकारला 'न्हाय' म्हणायला त्यांची जीभच उचलायची नाही. घरात मात्र वाघ. मी चहाचे कप ठेवत होते आणि माझं तोंड बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, सरकारला हसवायला म्हणाले, "आमच्या सूनबाई भरत्यात काडतुसं. बोल की, तुजं काय म्हणणं हाय?"

मी कप ठेवला आणि म्हणाले, "धाकटं घ्या. थोरल्यातली दारू लांब नळीत जळाय केलीया. ह्या वीतभर नळीत निम्मी आत जळंल आन् निम्मी भायेर. नुसता जाळ आन् आवाज, मनगटाला हिसका बसंल त्यो येगळाच. सांबर काय आवाजानं मरतंय व्हय? आन् एवढी मोठी खोबण कापल्यावर मागं नळीला लोखंड ऱ्हातंय किती?"

दोघंही पोट धरून हसले. सासरे म्हणाले, "पैंजणं घडवणाऱ्याची पोरगी आता सांबर माराय शिकवाय लागली!" आमचे हे कोपऱ्यात कानस घेऊन बसले होते, तेही हसले. बापापेक्षा थोडं कमी, पण हसले.

आठ दिवसांत खोबण कापून झाली. मी दुकान झाडताना नळी उचलून मागच्या बाजूनं पाहिली. एका बाजूला लोखंड रुपयाच्या नाण्याएवढंही जाड राहिलं नव्हतं. सकाळी हे नळावर दात घासत होते, तिथं जाऊन मी सांगितलं.

"ती नळी फुटणार. तुमी धरू नगा."

"आण्णांनी बघितलंय की." सासऱ्यांना हे आण्णा म्हणायचे.

"आण्णांचा हात न्हाय जायचा. तुमचा जाणार. दोन पोरं हायती पदरात."

"मग काय बापाला न्हाय म्हणू?" असं म्हणून ह्यांनी चूळ भरली आणि आत गेले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण ह्यांना शब्द लागतच नव्हता.

मग मीच सासऱ्यांपुढं गेले. म्हटलं, पिस्तूल टायरला बांधा, चापाला दोरी लावा, लांबून ओढा. फुटलं तर टायर फुटंल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं जणू मी लायसनवर थुंकले. "दोरी लावून बार काढाय ह्यो काय चोरबाजारातला कट्टा हाय? ह्या दुकानाची अब्रू हाय काय न्हाय? जा, भाकऱ्या थाप जा."

भाकऱ्या थापल्या. पण खणीत लागणारं काडतूस माझ्याच हातानं भरायचं होतं, हे तो म्हातारा विसरला होता. मी तराजू पुढं घेतला आणि निम्मीच दारू तोलली. एवढ्यानं नळी तगेल, हा माझा अंदाज. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटी भरती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खणीकडं निघाले. बायका तिथं जात नाहीत. मी पोरांना शेजारणीकडं सोडलं, पदर खोचला आणि मागोमाग गेले. सासरे खेकसले, "तुजं काय काम?" मी म्हटलं, "भरती माजी हाय, बघाय आले." सरकारपुढं तमाशा नको म्हणून ते गप्प बसले.

ह्यांनी उजव्या हातात पिस्तूल धरलं. ओठ पांढरे पडले होते, म्हणजे कळत होतं सगळं. बार निघाला, जेमतेम. नळी शाबूत, हात शाबूत. मी डोळे मिटून घेतले, अंबाबाईचं नाव घेतलं. सासरे मान ताठ करून म्हणाले, "घ्या सरकार, आता तुमचं."

सरकार खूश झाला. म्हणाला, "मिस्त्री, हिसका तर काहीच नाही हो!" आणि त्यानं खिशातून आबांच्या वेळचं एक काडतूस काढलं. मूळचं, पुरं भरलेलं. पिस्तूल काखेत दाबून ते आत घातलं, पिस्तूल मिटलं आणि आपला उरलेला एकुलता एक हात पुढं केला.

मला तो माणूस आवडत नव्हता. मला हसला होता. गप्प राहिले असते तर आमचं काही बिघडलं नसतं. पहिला बार सुखरूप झाला होता, चार साक्षीदार होते. एवढा विचार माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून निघालंच, "थांबा! म्या निम्मीच दारू भरलीवती. पुऱ्या भरतीला ती नळी टिकायची न्हाय!"

सासरे ओरडले, "बाईमाणसाचं काय ऐकताय सरकार! डोकं फिरलंय तिचं!" पण सरकारला दुसरा हात नव्हता. त्याला माझं म्हणणं झटक्यात पटलं. त्यानं ड्रायव्हरला जीपचं जादा चाक काढून पिस्तूल चाकाला बांधायला लावलं आणि सगळ्यांना लांब दगडाआड उभं करून दोरी ओढली.

खण दणाणली. धूर विरल्यावर आम्ही पुढं गेलो. नळी मागच्या बाजूनं शेंगेसारखी उकलली होती आणि लोखंडाचा एक कपचा टायरात घुसून बसला होता. सरकारनं तो कपचा बोटानं चाचपला, जीपमध्ये जाऊन बसला आणि निघताना एवढंच म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यापेक्षा तुमची सून शहाणी."

मेल्यानं एवढं बोलायला नको होतं. दुकानात येऊन सासऱ्यांनी टोपी काढली, लायसनकडं बघितलं आणि गादीवर बसून पोरासारखे रडले. पुढं मरेपर्यंत त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

आमचे हे दारात उभे होते. बापाला रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडं वळले, म्हणाले, "आण्णांची मान खाली घालवलीस तू." आणि हात उचलला. तोच, उजवा.

नंतर मी आत जाऊन आरशात पाहिलं. गालावर बोटं उठली होती. मोजली. पाचही होती.