माझा पाय नाही म्हणाला

दार ढकललं आणि मी उंबऱ्यावरच थांबले. हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं जमिनीवर बसली होती, आणि सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. एकानंही वळून बघितलं नाही. कुणी बोलत नव्हतं, खोकतसुद्धा नव्हतं. बाहेर धुकं होतं, खिडक्यांच्या काचा पांढऱ्याफेक झालेल्या. बायकांनी पदर बाजूला घेऊन कंबर उघडी ठेवली होती, पुरुषांनी सदरे वर सरकवले होते. जवळच्या पाठींवर थंडीनं काटा आलेला दिसत होता.

आदल्या दिवशी ह्याच हॉलमध्ये आमच्या कंबरदुखीच्या शिबिराला नऊ जण आले होते. त्यातले चार चहासाठी.

गावची आशा कार्यकर्ती सुगनबाई दाराशी उभी होती. हे काय चाललंय म्हणून मी विचारलं, तर तिनं आधी ओठांवर बोट ठेवलं. मग कानाशी येऊन म्हणाली, "दीदी, तमने ही तो कल कियो, के तम उलटा जन्म्या हो."

हो. मीच सांगितलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घर मध्य प्रदेशात, देवासला, नोकरी धारच्या एका छोट्या संस्थेत. दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांमध्ये आम्ही शिबिरं घेतो. ह्या गावी, लोहारद्याला, गेलो ते लसणामुळे. तिथल्या बायका, आणि काही पुरुषही, सीझनमध्ये दिवसाचे नऊ-नऊ तास जमिनीवर बसून लसणाची देठं कापतात. कंबर वाकलेली, मान खाली. उठायची मुभा नाही, बसायला पाटसुद्धा नाही. व्यापाऱ्याला स्वतःच्या तराजूखाली फळी लागते, बाईच्या बुडाखाली लागत नाही. आमचं पॅम्फ्लेट मीच लिहिलं होतं. खाली वीतभर उंचीचं काहीतरी घ्या, अर्ध्या तासानं उभं राहून दहा पावलं चाला, पोतं उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघ्यात बसा आणि पोतं पोटाशी धरून उठा, रात्री कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. जुनी कंबरदुखी पडून राहून जात नाही, थोडंथोडं हलत राहून कमी होते. एवढंच. ह्यात जादू नाही, म्हणून कुणाला त्यात रस नाही.

पहिल्या दिवशी शेवटी मी अंधश्रद्धेवर आले. जन्मताना ज्याचं डोकं नाही, पाय आधी बाहेर येतात, तो पायाळू. पायाळूचा पाय लागला की कमरेतली उसण जाते, अशी समजूत आहे. आमचे पूर्वज ती महाराष्ट्रातून सोबत घेऊन आले की माळव्यात आधीच होती, कोण जाणे. मी त्वेषानं म्हणाले, "मी स्वतः पायाळू आहे. माझ्या पायात काही नाही. लाथेनं कंबर बरी होत नाही!"

लोकांनी पहिलं वाक्य घरी नेलं. उरलेली दोन तिथंच सोडली.

ह्या प्रकाराची मला चीड आहे आणि तिला कारण आहे. लहानपणी आत्याची कंबर धरली की मला अंथरुणातून उठवायचे. तोंड धुवायचं नाही, बोलायचं नाही. पारोशा पायानं पाठीला तीनदा लावायचं. शेजारचेही यायचे. पाय लागेपर्यंत पायाळूचं तोंड बघायचं नाही, असा नियम. सहा वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसांच्या नुसत्या पाठी दिसायच्या. मी कोण आहे ह्याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. एकदा कुक्षीकडचा कुणीतरी माणूस वडिलांना भेटायला आला होता. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, मुलीला एका अमावास्येपुरतं द्या, असं सांगत होता. वडिलांनी त्याला जिन्यावरून खाली ढकललं. त्यानंतर कितीतरी महिने मला शाळेत एकटं जाऊ दिलं नाही.

तर त्या सकाळी मी त्या तीस पाठींना भाषण दिलं. चेहऱ्यांशी वाद घालता येतो. चेहरा हसतो, चिडतो, दुसरीकडे बघतो. पाठ काहीच करत नाही. माझा आवाज भिंतीला लागून परत यायला लागला तेव्हा मी गप्प झाले.

बरं, बसा असेच, म्हटलं. पाय नाही, हात लावते. मी मागूनच एकेकाला तपासत निघाले. बोटांनी दाबायचं, कुठं आखडलंय ते बघायचं. आणि एकेक पाठ तपासताना मलाच कसंतरी व्हायला लागलं. गाठ त्याच जागी. कमरेच्या उजव्या बाजूला, तीन बोटं वर. पुढच्या पाठीला तीच. तिच्या पुढच्या पाठीला तीच. जणू एकच दुखणं माझ्या हाताखालून ह्या पाठीतून त्या पाठीत सरकत चाललं होतं. कारण साधं होतं. सगळे डावीकडून लसूण उचलतात, उजव्या हातानं कापतात आणि उजवीकडे वळून टोपलीत टाकतात, दिवसात हजारो वेळा. कारण कळल्यावरही हाताला आलेला शहारा गेला नाही.

शेवटच्या रांगेत एक बारीक पाठ होती. तिला त्या जागी काही नव्हतं. दुखणं वर होतं, पाठीच्या मध्यावर, मणक्यावर. कातडीखाली लसणाच्या पाकळीएवढा उंचवटा. अंग गरम. आणि उंचवट्याच्या शेजारी हिरवट-जांभळा गोल डाग. टाचेचा.

रामकुंवरबाई. वय असेल पस्तीस. बोलायची नव्हती, म्हणून शेजारी बसलेली जेठानी, म्हणजे मोठी जाऊ, भिंतीकडे तोंड करूनच उत्तरं देत होती. आठ महिन्यांपासून दुखतंय. रात्री जास्त, झोप लागत नाही. संध्याकाळी कणकण असते. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. आणि आठवड्यापासून चालताना पायातली चप्पल निसटते, तिला कळत नाही.

आमच्या भाषेत ह्यांना रेड फ्लॅग म्हणतात. साधी कंबरदुखी आडवं झालं की थोडी सुटते. जी रात्री झोपू देत नाही, तापासोबत येते, वजन खाते आणि पायातला जोर काढून घेते, ती स्नायूंची नसते. आत काहीतरी हाड पोखरत असतं. अशा पाठीवर जोर पडला तर मणका बसू शकतो. आतली मज्जारज्जू, म्हणजे पायांना हुकूम देणारी दोरी, दबली की माणूस कमरेखाली कायमचा लुळा पडू शकतो.

टाच कुणाची, विचारलं. पुढच्या गावात एक म्हातारे पायाळू बाबा आहेत. तीन मंगळवार पाय लावतात. दोन झाले होते. तिसरा दुसऱ्या दिवशी.

मी बाहेर येऊन धारला सरांना फोन केला. सर आमच्या संस्थेचे डॉक्टर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजच्या आज देवासला पाठव. एक्सरे, मग एमआरआय. आणि तिच्या पाठीला कुणाला हात लावू देऊ नकोस."

"हात नाही सर. पाय."

"मग पाय लावू देऊ नकोस. कसं ते तू बघ."

मी आत जाऊन हाडाचं चित्र दाखवलं, म्हणजे भिंतीशी धरलं. समजावलं. रागावले. गाडीची सोय करते म्हटलं. जेठानी शांतपणे म्हणाली, "देवास परसों चली जावेगी दीदी. कल मंगलवार हे, बाबा को तीसरो पाँव लेणो हे. अधूरो छोड़ां तो उलटो पड़े. नी तो तम धरी दो, तमारो भी वोज पाँव हे."

म्हणजे तिसरा पाय लागायलाच हवा, अर्धवट सोडलं तर उलटतं. बाबाचा पाय किंवा माझा. रामकुंवरबाईचे पाय शाबूत राहणार की नाही, हे ह्यावर ठरणार होतं. आणि शिबिर दुपारी संपणार होतं, माझ्याजवळ तेवढाच वेळ होता.

मी बूट काढले. मोजे काढले.

फरशी बर्फासारखी होती. माझ्या अनवाणी पावलांचा आवाज त्यांना ऐकू आला असणार, कारण हॉलमधल्या सगळ्या पाठी एकदम ताठ झाल्या. श्वास रोखल्याचं मागूनही दिसतं, हे मला तेव्हा कळलं. मी रामकुंवरबाईच्या मागे उभी राहिले. पाय उचलला. तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर धरला आणि तसाच ठेवला. किती वेळ, सांगता येत नाही. मांडी थरथरायला लागली. मग पाय खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "इस पीठ को मेरा पाँव मना कर रहा है. इसपे अब किसी का पाँव नहीं लगेगा."

मग रामकुंवरबाई हळूहळू वळली. सकाळपासून मला दिसलेला पहिला चेहरा. कोरडे ओठ, खोल गेलेले डोळे. तिनं एकच विचारलं, "मर जऊँगी कई?"

"आज गाड़ी में बैठोगी तो नहीं," मी म्हणाले.

ती बसली. जेठानीही बसली. देवासला एक्सरेत दोन मणके कडेनं खाल्लेले दिसले. पुढच्या तपासण्यांत पाठीच्या कण्याचा टीबी निघाला. वर्षावर चालणाऱ्या गोळ्या, पाठीला पट्टा, काही महिने ओझं बंद. आज ती चालते. मीच तिला व्यायाम शिकवायला जाते. मधल्या काळात व्यापाऱ्यानं तिला लसूण कापायला बोलावलं नाही, तिची मजुरी बुडाली आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही, हेही इथं लिहून ठेवते.

धारच्या मीटिंगमध्ये माझी पूजा झाली. रिपोर्टात मी 'रुग्णाचं समुपदेशन केलं' असं लिहिलं होतं. सुगनबाईनं खरं काय ते आधीच सांगून टाकलेलं. माझा सहकारी बाईलाही भियाच म्हणतो. तो म्हणाला, "भिया, अपना ही पॅम्फ्लेट अपने हाथ से जला आई तू." बरोबर बोलला. मी खोटं बोलले होते. माझा पाय काहीही म्हणत नव्हता, तो फक्त गारठला होता.

तो सगळा राग घेऊन मी बाबाकडे गेले. एक्सरेचा फोटो मोबाइलमध्ये. दुपारची वेळ होती, म्हातारा ओट्यावर उन्हाला बसला होता. लाथा मारून माणसं लुळी कशी पडतात हे मी त्याला अर्धा तास सुनावलं. त्यानं फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला. मग स्वतःच्या उजव्या टाचेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "दूसरी बेर में म्हारे पाँव ने भी ना करी थी, बेटी. एड़ी के नीचे कई अलग लाग्यो. पण उसकी जेठानी सामे बेठी थी, चार जणा और बेठ्या था. मेंने धर दियो."

ज्या टाचेखालून आयुष्यभर पाठी गेल्या, तिला उंचवटा कळला, ह्यात अद्भुत काही नाही. आम्ही बोटांनी तेच करतो. पण मी जे रचून बोलले होते, ते ह्या माणसाला खरोखर झालं होतं, माझ्या आधी सहा दिवस, आणि त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. ओट्याच्या पायऱ्या उतरताना भर उन्हात माझे तळवे थंड पडले होते.

मी परत वर चढले. त्याच्याकडून तीन प्रश्न पाठ करून घेतले. रात्री झोपेतून उठवतं का? ताप किंवा वजन? पाय जड किंवा बधिर? ह्यातलं एक जरी 'हो' आलं, तरी पाय लावायचा नाही, माझ्याकडे पाठवायचं. आतापर्यंत त्यानं सहा जण पाठवलेत. त्यातल्या चौघांना फक्त पाट आणि व्यायाम लागला. दोघांना देवासला न्यावं लागलं.

बाबा पाय लावणं सोडत नाही आणि मी त्याच्याशी भांडणं सोडलेलं नाही. पण त्याला दुखणं ओळखता आलं नाही असं नव्हतं, हे आता मला माहीत आहे. चार माणसं समोर वाट बघत बसलेली असताना नाही म्हणणं त्याला जमलं नाही. कॉलेजमध्ये आम्हालाही ते कुणी शिकवलं नव्हतं.