वहिनींची काचपेटी

काचेच्या दुकानात वहिनींनी उभा जन्म चौकटींत काचेच्या कडेने पुट्टी भरण्यात घालवला. काच कापायची ती नवऱ्याने, नाहीतर धाकट्या दिराने. काच कापायच्या हिरकणीला वहिनींनी हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा. कुणी केला होता देव जाणे, पण सगळे पाळत होते.

नवरा गेला. मुलाने दुकानात ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणल्या आणि हिरकणी काकांना द्यायची ठरवली. दुकानामागच्या ओल्या भिंतीवर वहिनींनी वाढवलेले नेचे तेवढे कुंड्यांत घालून चौथ्या मजल्यावरच्या घरी आले. तिथल्या कोरड्या हवेत त्यांची टोकं करपायला लागली.

"काचेची पेटी करते त्यांना. आत ओल टिकेल," वहिनी म्हणाल्या.

"आई, मनगट आत्ता कुठे बरं झालंय तुझं!" मुलगा ओरडला.

दीर हसले. "करू दे रे. वहिनी, पेटी नीट झाली तर हिरकणी तुमची. नाही झाली, तर मी घेऊन जाणार."

बाई हट्टाला पेटली. दुकानाच्या भंगारातून खिडक्यांच्या चार जुन्या चौकटी आणल्या. पहिली काच वाकडी तुटली. दुसरी तिच्याहून वाकडी. तिसरी मात्र टक्क करून रेघेवर सुटली, आणि वहिनींनी मोकळ्या घरात स्वतःलाच "शाब्बास!" म्हणून घेतलं. चौकटी जोडल्या, खाली पत्र्याचा ट्रे, वर झाकण. पुट्टी तर काय, डोळे मिटून भरली.

तीच नडली. नेचे आत ठेवले, पाणी शिंपडलं, काचांना छान दव धरलं आणि संध्याकाळपर्यंत फरशीवर तळं साचलं. दिरांनी त्यात बोट बुडवून पाहिलं. "हात दाखवून अवलक्षण!" म्हणत त्यांनी हिरकणी खिशात टाकली.

"ठेवा ती टेबलावर," वहिनी म्हणाल्या. "परवा या, मग बघू."

आवाजच असा होता की त्यांनी ठेवली.

वहिनींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पेटीपुढे फतकल मारून त्या पाहत बसल्या. दवाचा थेंब काचेवरून आतल्या बाजूने घरंगळला, खालच्या लाकडाशी थबकला आणि काचेखालच्या फटीत शिरला. पुट्टीचा उतार होता बाहेरच्या अंगाला, खिडकीला असतो तसा. खिडकीवर पाऊस बाहेरून येतो. सवयीचा हात; तो कुठला विचारायला थांबतोय?

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "इथे पाऊस आत पडतोय!"

मुलगा घरी आला तेव्हा चारही चौकटी सुट्या होऊन पडल्या होत्या. "आई, आता हे काय पुन्हा?"

"बडबड नको. हे टोक धर."

चौकटी उलट्या करून बसवल्या. पुट्टीचा उतार आत आला, आणि पाणी घसरून मुकाट्याने ट्रेमध्ये पडायला लागलं. नेच्यांनी एक हिरवं वेटोळं वर काढलं.

ठरल्याप्रमाणे दीर आले. पेटीभोवती फिरून त्यांनी फरशी चाचपली. कोरडी. मग वाकून पुट्टीच्या आतल्या उताराकडे पाहिलं.

"दादाने शिकवलं वाटतं हे?"

वहिनींनी टेबलावरची हिरकणी उचलून कमरेला खोचली.

"नाही भाऊजी. ह्यांनी जन्मभर बाहेरूनच भरायला लावली."